पाठीमागून बोललेलं

"माझं टेबल मी सोडणार नाही," मावशी म्हणाल्या आणि चादरीची टोकं जुळवून त्यांनी असा काही झटका दिला, की सभा तिथेच संपली.

नव्या पाळीपत्रकाचा कागद माझ्या हातात तसाच राहिला.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत आम्ही अठरा बायका. कुणी धुलाईच्या मशिनवर, कुणी चादरींना इस्त्री करणाऱ्या गरम रोलरवर, कुणी घड्यांच्या टेबलावर. पहिल्या दिवशी जी जिथे उभी राहिली, ती तिथेच म्हातारी व्हायची. मी अकरा वर्षं रोलरवर काढली. अजूनही माझा उजवा खांदा पुरता वर जात नाही. वेणी घालायला लेक लागते. त्यामुळे मी सुपरवायझर झाल्यावर साहेबांनी दर आठवड्याला जागा बदलायची योजना काढली, तेव्हा ती मला मनापासून पटली. घड्यांचं टेबल खिडकीजवळ होतं. तिथला वारा सगळ्यांच्या वाट्याला यावा, एवढंच माझं म्हणणं.

पण मावशी नाही म्हणाल्या आणि सगळ्यांनीच माना हलवल्या. रोलरवर भाजून निघणाऱ्यासुद्धा त्यांच्याच बाजूला. आमच्यातली एक दिवसभर बोलत असे, तिला सगळे बडबडी म्हणत. ती मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "खुर्ची मिळाली की अशीच होतात माणसं. काल आपल्यात होती, आज कागद दाखवते."

मी भिंतीवर सूचना लावली. एकेकीला बाजूला घेऊन समजावलं. तोंडावर सगळ्या 'हो हो' म्हणाल्या आणि सोमवारी आपापल्या जुन्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. "मुळावर घाव घातला की फांद्या आपोआप खाली येतात," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यापुढे एक पाकीट सरकवलं. मावशींच्या बदलीचं पत्र. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात. "शुक्रवारपर्यंत ऐकलं तर ठीक. नाहीतर हे तुम्हीच द्यायचं."

ज्या बाईने मला घडी घालायला शिकवलं, तिच्या हातात ते पत्र मी द्यायचं! तीन दिवस अन्न गोड लागलं नाही.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत गेले. मावशी एकट्याच होत्या. माझ्याकडे पाठ करून बाकावर बसल्या होत्या, बुटांच्या नाड्या सोडत होत्या. मी दारातच उभी राहिले. त्यांच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती, त्यामुळे पाठीशी बोलणं सोपं वाटलं.

"मावशी, मी खुर्चीसाठी करत नाही हो हे. माझा खांदा गेला, तसा त्या पोरींचा जाऊ नये म्हणून करते. तुम्ही एकदा हो म्हणा. नाहीतर मला जे करावं लागेल, ते केल्यावर मी स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही."

त्यांनी एक बूट काढून ठेवला. दुसरा हातात घेतला.

"दोन शब्द तरी बोला! इतकी परकी झाले का मी?" माझा आवाज चढला होता.

त्या सावकाश उठल्या, वळल्या आणि मला पाहताच छातीवर हात ठेवून दचकल्या. "अगं बाई! तू कधी आलीस?"

म्हणजे मी बोललेलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. खाली मान घालून बोललेलं त्यांना चालत नसे. "तोंड वर करून बोल" म्हणून त्या डाफरायच्या. आम्हाला वाटायचं, शिस्त.

"मावशी," मी त्यांच्यासमोर जाऊन विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी माझे ओठ पाहिले आणि त्या पुन्हा बाकावर बसल्या.

"डावा कान कधीच गेला. उजव्याला भांडं पडलेलं कळतं, माणसाचं बोलणं नाही. मी तोंड बघून समजून घेते. टेबलामागे भिंत आहे, समोर सगळ्यांची तोंडं. मशिनवर भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. धुणं संपल्याची घंटा झाली, मागून ट्रॉली आली, तर मला कसं कळणार?"

"मग सांगायचं ना!"

"बहिरी म्हातारी कामावर कोण ठेवतं? घरी बसून दिवसभर सुनेचं तोंड बघू? नको बाई. ती पुटपुटते ते सगळं कळतं मला."

मला हसूही आलं आणि रडूही. पाकीट दाखवलं. त्यांनी ते वाचलं, घडी घालून परत दिलं.

"साहेबांना मी सांगते," मी म्हणाले.

"कान माझे आहेत, मीच सांगेन. तू फक्त बरोबर चल. साहेबांच्या मिशांत ओठ दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मावशी साहेबांपुढे ताठ उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. मी साहेबांच्या शेजारी उभी राहून त्यांचं बोलणं पुन्हा बोलत होते.

"किती वर्षं?"

"सहा."

"मला आधी का नाही..." म्हणता म्हणता ते थांबले. त्यांनी माझ्याकडून पाकीट मागून घेतलं आणि खणात टाकलं. मग म्हणाले, "मशिनवर दिवा आहे की. घंटेवर भागत होतं म्हणून कधी जोडला नाही."

संध्याकाळपर्यंत वायरमनने तो जोडलासुद्धा. ट्रॉली समोरूनच येईल असा रस्ता मी आखून घेतला. मावशी दोन मजले वर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. "कान गेल्यापासून सहा वर्षं त्यांच्याच चादरींच्या घड्या घालतेय," त्या म्हणाल्या, "पण जिना चढायला पाय उचलला नाही."

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी बायकांना स्वतःच सांगितलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं तुमच्या कानाशी बोलत होते ते?" बडबडीने विचारलं.

"काही ऐकलं नाही. म्हणून तर आपलं पटलं!"

असं हसणं त्या लाँड्रीत कधी झालं नव्हतं. आणि हसता हसता एकेकीची तोंडं उघडली. एकीची बाही मशिनमध्ये अडकली होती, तेव्हापासून तिला मशिनचं भय. एकीला गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहता येत नव्हतं. मावशींच्या 'नाही'च्या आडोशाला प्रत्येकीचं आपापलं 'नाही' लपलं होतं, आणि मी इतके दिवस सूचना चिकटवत बसले होते. तो कागद मी फाडला. नवा आम्ही सगळ्यांनी मिळून केला. अक्षर तेवढं माझं.

पुढच्या सोमवारी कुणाला काही सांगावं लागलं नाही. रोलरवरची पोरगी खिडकीजवळ उभी राहिली, वारा लागला तशी तिने क्षणभर डोळे मिटले. मावशी मशिनवर. दिवा लागला, त्यांनी दार उघडलं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या दिवशी मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

मधल्या सुट्टीत मावशी बाकावर टेकल्या. बडबडी त्यांच्या डाव्या हाताला बसली होती. तिने काहीतरी बोलायला सुरुवात केली, मध्येच थांबली. मग उठली, कोपऱ्यातली रिकामी टोपली ओढून मावशींच्या पुढ्यात पालथी घातली आणि तिच्यावर बसून पहिल्यापासून सांगू लागली.

मावशींनी ओले हात पदराला पुसले आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.