अर्ध्या अंगाचे गुण

सांगलीच्या ज्या आरोग्यविज्ञान महाविद्यालयात सोनिया शेवटच्या वर्षाला होती, तिथे रुग्णाशी बोलणे हा चाळीस गुणांचा विषय होता. रुग्ण काय म्हणतो हे कळण्यासाठी मात्र रुग्णाकडे पाहायचे नसे. ‘ग्रामीण रुग्णसंवाद कोश’ पाहायचा. कोशकर्ते डॉ. राजस हेच परीक्षक. प्रस्तावनेत ज्याला त्यांनी ‘सखोल क्षेत्रसंशोधन’ म्हटले होते, ते कोयनानगरच्या एका सहलीत, घाटातल्या वळणांवर उरकले होते. माहिती पुरवणारा एकच, गाडीचा चालक तानाजी. आणि त्याला त्या दिवशी स्वतःच्या पोटाखेरीज दुसरे काही सुचत नव्हते.

उत्तीर्ण होण्यास वीस गुण लागत. सोनियाचे अठरा झाले होते. उरलेल्या एका प्रश्नाला चार गुण होते. ते मिळाले तर साताऱ्याच्या रुग्णालयात इंटर्नशिप. न मिळाले तर सहा महिने वडूजला घरी.

समोर खुर्चीत धुळा बसले होते. खटावकडचे म्हातारे मेंढपाळ, फिजिओथेरपीला आले असताना परीक्षेपुरते उसने घेतलेले. काय होतेय, असे सोनियाने विचारले.

“अंगावरनं वारं गेलं, पोरी.”

तिने कोश उघडलाच नाही. कधीपासून ते विचारले, दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा गेला, डावा मांडीवरच राहिला. तिने लिहिले: पक्षाघात.

डॉ. राजस यांनी कोशाचे एकेचाळिसावे पान काढले. तिथे छापले होते: ‘अंगावरून वारे जाणे — पोटातील वायू सरणे.’ त्यांनी शून्य दिले. सोनियाने नम्रपणे डाव्या हाताकडे बोट दाखवले, तेव्हा हात उत्तरसूचीत नाही, असे तिला समजावण्यात आले.

धुळा म्हणाले, “आवं सायेब, ग्यासानं हात लुळा पडतोय व्हय? मग तुमच्या सांगलीत धडधाकट कोण ऱ्हायलं आसतं?”

प्रकरण त्याच दुपारी तिघांच्या समितीपुढे गेले. त्या शब्दांचा अर्थ तिघांनाही लहानपणापासून ठाऊक होता. परंतु कोश विद्यापीठाच्या अनुदानातून छापलेला होता, आणि अनुदानातून छापलेले चूक असू शकत नाही, हेही तिघांना तितकेच ठाऊक होते. समितीने रुग्णाची पुन्हा तपासणी केली आणि एकमताने निर्णय दिला: रुग्णाचे अर्धेच अंग गेले आहे, सबब विद्यार्थिनीचे उत्तर अर्धे बरोबर. गुण दोन. कोशाची बाजूही राखायची म्हणून धुळांना गॅसची गोळी देण्यात आली.

अठरा आणि दोन, वीस. सोनियाने बाहेर येऊन धुळांना पास झाल्याचे सांगितले, आणि दोनच का, तेही.

धुळांनी गोळी चालत्या हाताने खिशात टाकली. मग त्यांनी विचारले, “म्हंजी समदंच अंग गेलं आसतं तर तुला समदं मार्क दिलं आसतं व्हय?”

“व्हय आबा.”

“मग ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “पास झालीस न्हवं?”