जाड दांड्याचे बोल्ट

टेम्सकाठच्या आमच्या गल्लीत बोल्टाचा दांडा बारीक करणाऱ्या लोहाराला चोर म्हणत. नवरा गेल्यावर सतरा वर्षं भट्टी मी चालवली. गडी ठेवले, वेळ पडली तेव्हा भाता ओढला, पण कुणाच्या गलबतात माझ्या हातून लोखंड कमी गेलं नाही. मला आकडे वाचता येतात, अक्षरं लागत नाहीत. पण लोखंड मला कळतं असं मी चारचौघांत ठणकावून सांगायची.

गोदीत तेव्हा चिलखती जहाज उभं राहत होतं. बाहेर साडेचार इंची लोखंडी पाट, पाठीमागे हात-दीड हात जाड मलबारचा साग, आणि दोन्हींना आवळून धरणारे लांब बोल्ट. त्यांचे नट आतल्या अंगाला, जिथं तोफा नि माणसं. डाव्या बाजूचे बोल्ट माझ्याकडे, उजवीकडचे नॅथॅनियल ग्रबकडे. आणि डाव्या बाजूच्या चौथ्या तोफेवर नेमणूक झाली माझ्या मुलाची, ईनकची.

गोदीतले नकाशेवाले फिंचसाहेब चित्र घेऊन आले.

"साहेब, पेन्सिल घसरली वाटतं," मी म्हटलं. "दांडा मध्येच रोडावलाय."

"मुद्दाम, बाई. आट्यांच्या खाचेत जेवढं लोखंड उरतं तेवढाच दांडा ठेवायचा. गोळा बसला की मग तो सगळ्या लांबीत ताणतो. जाड ठेवलात तर सगळा ताण आट्यांपाशी जमतो नि तिथं मोडतो."

"लोखंड काढलं की बळ वाढतं म्हणा की. उद्या सांगाल, ताट काढून घेतलं की पोट भरतं."

गडी हसले. साहेब कानापर्यंत लाल होऊन गेले. मी दांडे जाडच ठेवले. गोदीच्या मुकादमानं डोकी बघितली, आटे बघितले, आणि बोल्ट सागात गेले. तिकडे ग्रब मुकाट्यानं चित्राबरहुकूम दांडे खरवडत बसला. "उरलेल्या लोखंडाच्या सुया करतोस का रे?" असं मी त्याला भर बाजारात विचारलं होतं.

जहाज गुरुवारी निघायचं होतं. सोमवारी नदीच्या मुखाशी, दलदलीतल्या मैदानावर चाचणी ठेवली. जहाजाच्या कुशीसारखीच एक भिंत, अर्धी माझ्या बोल्टांची, अर्धी ग्रबच्या. मागे पेंढा भरलेले सहा खलाशी उभे केलेले. ईनकही आला होता, नव्या गणवेशात.

दोन्ही अर्ध्यांवर तीन-तीन गोळे मारले. पाटांना खळगे पडले, आरपार एकही गेला नाही. आरमाराच्या अधिकाऱ्यांनी टोप्या उंचावल्या. मी ग्रबकडे बघून म्हटलं, "बघितलंस?"

मग आम्ही भिंतीमागे गेलो.

ग्रबच्या बाजूचे तिघे जागच्या जागी उभे होते. माझ्या बाजूला एकाला डोकं नव्हतं. दुसरा पोटातून फाटला होता. तिसरा पंधरा पावलं मागे चिखलात पडला होता. मला काही कळेना. गोळा तर आत आलाच नव्हता. मी वाकून फाटलेल्याच्या पेंढ्यात हात घातला, आणि बोटांना लोखंड लागलं. नट. आत मोडका आटा, आणि वर छिन्नीच्या दोन तिरक्या रेघा. माझ्या भट्टीची खूण.

शत्रूचा गोळा बाहेर थांबला होता आणि आतली माणसं मी मारली होती.

फिंचसाहेब भिंतीची भोकं बघत होते. त्यांचाही चेहरा उतरलेला. "हे जुन्या घडणीचे दिसतात," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "चुकून लागले असतील. जहाजावर चित्राप्रमाणेच आहेत ना, बाई?"

हो म्हटलं असतं तर भट्टीचं नाव राहिलं असतं. ईनक शेजारीच उभा होता. तो बिनडोक्या खलाशाकडे बघत होता.

"नाहीत," मी म्हटलं. "डाव्या बाजूचा एकही नाही. सगळे जाड आहेत. तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं नाही."

ईनक हळूच म्हणाला, "आई, तुला सांगितलं होतं? समजावून?"

"सांगितलं होतं."

तो माझ्यापासून एक पाऊल सरकला. शिवी दिली असती तर मी सोसली असती.

जहाज थांबवलं. भट्टीचं काम गेलं ते त्याच दिवशी. मंगळवारी मी ग्रबच्या दारात गेले आणि म्हटलं, "दांडे खरवडायला माणसं लागतील. मला घे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सुया करायला?"

"कर काय करायचं ते. जागा दाखव."

"आधी तुझे काढायला चल, हेप्झिबा. ते कुठं किती घट्ट बसलेत ते तुलाच ठाऊक."

आम्ही जहाजात उतरलो. चौथ्या तोफेपाशी ईनक उभा होता, तिथंच, जिथं लढाईत उभं राहायचं. त्यानं मान वळवली नाही. मी खडू घेतला आणि भिंतीवरच्या ज्या नटांचं तोंड नेमकं त्याच्याकडे होतं त्यांवर फुल्या मारत गेले. अकरा झाल्या. अकराव्याला खडू मोडला. मी घण उचलला, पण तो मारवेना. ग्रबनं माझ्या हातून घण काढून घेतला आणि पहिल्या फुलीवर मारला.