ओलं बोट

लॉन्ड्रीतली सगळी त्याला शेपूट म्हणायची, कारण आई जाईल तिथं हा मागे. आई इस्त्रीच्या टेबलाशी उभी, तर हा टेबलाखाली. बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. घरी असला की पोराला खांद्यावर घेऊन नाचायचा, नसला की फोनवर लाड करायचा. फोनवरून लाड करायला काय जातं? न्हाऊ घालणं, भरवणं, तापात उशाशी बसणं आणि सकाळी पुन्हा दुकानात जाऊन दिवसभर उभं राहणं, हे सगळं एकटीच्या अंगावर. पोर झाल्यापासून तिची झोप अशी कधी पुरी झालीच नव्हती. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "चाललंय." लोकांनाही तेच ऐकायचं असतं, त्यामुळे पुढं कुणी काही विचारायचं नाही.

मग एका दुपारी ती उभ्याउभ्या झोपली. हातातली इस्त्री गिऱ्हाइकाच्या कोटावर तशीच राहिली आणि धूर निघाला. मालक तोंडाचे फटकळ, पण त्या दिवशी ओरडले नाहीत. कोटाचं मी बघतो, तू आधी घरी जाऊन झोप, एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. बसल्या जागी ती जी रडायला लागली ती थांबेचना, आणि टेबलाखालचं शेपूट भेदरून बघत राहिलं.

संध्याकाळी नणंद आली आणि पोराला आपल्या घरी घेऊन गेली. नणंदेची पोरं मोठी होऊन कामाधंद्याला लागलेली, घर रिकामं. "थोडे दिवस राहू दे माझ्याकडे. तू माणसात ये," असं तिनं बजावलं.

ती माणसात आली. आधी ढाराढूर झोपली. मग एका जागी बसून गरम जेवली, केस नीट धुतले, खिडकीत उगाचच उभी राहिली. घर कसं शांत होतं. ती शांतता आपल्याला आवडतेय हे लक्षात आलं, तशी ती स्वतःवरच चिडली. आई म्हणवून घेतेस आणि पोर नाही म्हणून सुखावतेस? पण खोटं कशाला बोला, ती सुखावली होती. आठवड्यानं मात्र जीव राहीना. आज पोराला घेऊन यायचंच, असं ठरवून सुट्टीच्या दिवशी ती नणंदेच्या दारात उभी राहिली. मनात एकच धास्ती होती, पोर परकं तर झालं नसेल?

शेपूट आतल्या खोलीतून बाहेर आलं. धावत येऊन बिलगेल म्हणून तिनं खाली बसून हात पुढं केले होते. पण ते चार पावलांवर थांबलं. तिच्या तोंडाकडं बघत त्यानं उजव्या हाताचं बोट जिभेवर ओलं केलं, जवळ येऊन तिच्या मनगटाला निसटतं लावलं आणि झटकन मागं घेतलं. मग आत्याकडं वळून म्हणालं, "गार आहे." आणि आईच्या मांडीवर येऊन बसलं.

नणंद हसली. "काय खूळ आहे कुणास ठाऊक. पहिले दोन दिवस मलाही असंच करायचा. मग आपणच सोडून दिलं."

नणंदेला कळायचं काही कारण नव्हतं. दुकानातल्या इस्त्रीचा तापमानाचा काटा केव्हाच बिघडला होता. इस्त्री तापली की नाही हे बघायला ती बोट ओलं करून तळाला निसटतं लावायची. चर्र झालं की तापली. टेबलाखालून पोर रोज हेच बघत होतं.

तिला आता सगळं आठवलं. दुकानातून घरी आल्यावर रोज संध्याकाळी ते पाठीमागून येऊन तिच्या कोपराला असंच ओलं बोट लावून पळायचं. तिला वाटायचं, कार्टं खोड्या काढतंय. ती खेकसायची, कधी एक धपाटाही घालायची. पोर बिचारं विचारत होतं आणि प्रत्येक वेळी त्याला चटका बसत होता.

वन्संसमोर रडायचं नाही म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले. पोराचे कपडे नणंदेनं पिशवीत भरून ठेवलेच होते. उचलून न्यायला कुणाची ना नव्हती. तरी तिनं विचारलं, "आज येतोस घरी? की उद्या येऊ?"

पोरानं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. तिला वाईट वाटू नये असं काही शोधत असावं.

"उद्या ये," ते म्हणालं. "पण अशीच ये. गार."

हो म्हणणं सोपं होतं. एरवी पोरांना आपण दिवसातून दहा वेळा हो म्हणून वेळ मारून नेतो. तिच्याच्यानं होईना. उद्या दुकान होतं, परवा दुकान होतं, ट्रक अजून लांबच होता.

"नाही जमलं तर?" तिनं विचारलं.

पोरानं विचार केला. मग तिच्या मांडीवरून उतरून ते आत्याच्या शेजारी जाऊन बसलं आणि म्हणालं, "मग परवा ये."

पिशवी तिथंच ठेवून ती उठली.