घाई नाही म्हणाला

हॅदरबीच्या कामगार क्लबात केल्विन ओल्डरॉइड पहिल्यांदा गायला, तेव्हा तिसऱ्या गाण्यालाच त्याच्या अंगावर पावाचा तुकडा येऊन पडला. आठवडाभर खाणीत राबलेली माणसं बायकांना घेऊन बिअर प्यायला आणि बिंगो खेळायला आली होती. त्यांच्यापुढे हा एकोणीस वर्षांचा काटकुळा पोरगा, ना गिटार ना ड्रम, इस्त्रीच्या टेबलावर विजेवर वाजणाऱ्या दोन पेट्या मांडून त्यांची बटणं फिरवत खांबासारखा उभा राहून गात होता.

"अरे, बिंगो कधी लावताय?" मागून कोणीतरी ओरडलं.

"थांब जरा, त्याच्या पेटीला शिंक आलीय," दुसरा म्हणाला. सगळा हॉल खिदळला.

भिंतीला टेकून उभा असलेला ट्रेव्हर शांतपणे पुढे आला. केल्विनपेक्षा सात वर्षांनी मोठा भाऊ, बापासारखाच खाणीत उतरणारा, दारात उभा राहिला तर उजेड अडेल असा. त्याने खाली पडलेला पाव उचलला, झटकला आणि खाऊन टाकला. मग हॉलकडे वळून म्हणाला, "आमच्या केलची अजून दोन गाणी राहिलीत. ज्याला ऐकायची नसतील त्याने बाहेर जावं. मीही येतो सोबतीला."

बाहेर कोणीच गेलं नाही.

परत येताना व्हॅनमध्ये ट्रेव्हर म्हणाला, "खरं सांगू? मला यातलं ओ की ठो कळलं नाही. कपडे धुवायचं मशीन रडतंय असं वाटतं."

"मग कशाला भांडायला उठलास?"

"भांडलो कुठे? पाव खाल्ला फक्त. भूक लागली होती."

बाप फुप्फुसात कोळशाची धूळ भरून गेला तेव्हा केल्विन अकरा वर्षांचा होता. 'याला खाली पाठवायचं नाही' हे आईने, एडनाने ठरवलं आणि ट्रेव्हरने ते पाळलं. केल्विन जवळच्या बार्न्सलीत रेडिओच्या दुकानात नोकरीला लागला. सुटे भाग मागवून त्याने परसातल्या शेडमध्ये पहिला सिंथेसायझर जोडला, तेव्हा ट्रेव्हर रात्रपाळी करून आला होता तरी टॉर्च धरून बसला. पुढची तीन वर्षं शेफील्ड, लीड्स, हल, जिथे कोणी गाऊ देईल तिथे तोच व्हॅन घेऊन गेला.

मग केल्विन लंडनला गेला, आणि ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्याचं गाणं देशभर वाजायला लागलं. गुरुवारी संध्याकाळी तो टीव्हीवर दिसला. डोळ्यांत काजळ, गालावर रंग, अंगात शेवाळी रंगाचा झगमगता कोट. हॅदरबीच्या क्लबात त्या दिवशी बसायला जागा नव्हती. तिथे काय झालं ते एडनाने दुसऱ्या दिवशी त्याला फोनवर सांगितलं.

"तो खाणीतला बर्किनशॉ ट्रेव्हला म्हणतो कसा, काय रे, हा तुझा भाऊ का बहीण?"

"मग?"

"ट्रेव्ह म्हणाला, भाऊच आहे, आणि तुझ्या बायकोपेक्षा देखणा दिसतो. अरे, बर्किनशॉची बायको शेजारीच बसली होती!"

केल्विन इतका हसला की काय झालं म्हणून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आत डोकावला.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये खाणी संपावर गेल्या. केल्विनने कोटावर संपकऱ्यांचा पिवळा बिल्ला लावला, लंडनमध्ये संपकऱ्यांसाठी तीन कार्यक्रम केले, जमलेली सगळी रक्कम निधीला दिली. लोक त्याची पाठ थोपटायचे. संपाबद्दल तो मनापासून बोलायचा, यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या वर्षात तो घरी एकदाच गेला, आणि तेही ऑगस्टमध्ये, उन्हं होती तेव्हा.

थंडी पडल्यावर हॅदरबीत काय चाललं होतं, ते त्याला फार उशिरा कळलं. नोव्हेंबरात ट्रेव्हरची बायको पॉलीन बाळंत झाली. मुलगी दिवस भरायच्या आधीच आली, छातीने अधू. नाव ठेवलं जोआना. घरात कोळसा नाही. खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यातून हाताने कोळसा वेचताना ट्रेव्हरला पोलिसांनी दोनदा पकडलं. केल्विनने ख्रिसमसला मोठी टोपली पाठवली. तिच्यात चीज, सुकवलेले जर्दाळू आणि फ्रान्सची वाइन होती. पॉलीनने वाइन कोपऱ्यावरच्या दुकानदाराला दिली आणि बदल्यात बाळाच्या दुधाचे डबे घेतले.

ट्रेव्हरने फोन केला होता. एकदा नव्हे, दोनदा. पहिला डिसेंबरात, दुसरा जानेवारीच्या मध्याला. दुसऱ्या अल्बमचं काम रखडलं होतं, कंपनी मागे लागली होती, आणि केल्विनने स्टुडिओत बजावून ठेवलं होतं की मला कोणाचाही फोन द्यायचा नाही. फोनवर बसणाऱ्या मुलीने दोन्ही वेळा चिठ्ठी लिहून ठेवली. 'भावाचा फोन. घाई नाही म्हणाला.' केल्विनने दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि खिशात घातल्या. रविवारी करू, असं त्याला वाटलं. ट्रेव्हर घाई नाही म्हणाला म्हणजे घाई नसणार. त्या माणसाने जन्मात कधी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय होतो, ते त्या वेळी त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्याच सुमाराला एका संगीत साप्ताहिकाचा माणूस मुलाखत घ्यायला आला. तरुण, हुशार, केल्विनच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा. गावाकडचा विषय निघाला.

"तुमचा भाऊ संपावर आहे ना?"

"दहा महिने झाले. पहिल्या दिवसापासून."

"आणि जे परत कामावर जातायत, त्यांच्याबद्दल काय वाटतं?"

केल्विन खुर्चीत मागे रेलला. "जो आता कामावर गेला त्याचं मी आयुष्यात तोंड पाहणार नाही. सख्खा भाऊ असला तरी."

"वा," तो माणूस म्हणाला आणि लिहून घेतलं. तेच वाक्य मथळा म्हणून छापलं.

अंक बाजारात आला त्या सोमवारी ट्रेव्हर संप मोडून, दगडांपासून बचावासाठी खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला, त्याला चार दिवस झाले होते.

एडनाचा फोन स्टुडिओत आला आणि या वेळी त्या मुलीने धावत येऊन केल्विनला कामातून उठवलं.

"तू काय बोललास रे?" आई रडत नव्हती. तिचा आवाज कोरडा होता. "खांबाखांबावर लावलाय तो कागद. तुझ्या फोटोसकट. ट्रेव्हच्या दारावर तर डकवलाय."

"पण का? ट्रेव्हच्या दारावर का?"

आईने सांगितलं.

तो त्याच दुपारी गाडी घेऊन निघाला. ट्रेव्हरच्या घराची पुढची खिडकी फळ्या ठोकून बंद केली होती. दारावर पांढऱ्या रंगात हातभर अक्षरांत 'संपफोड्या' असं लिहिलं होतं. वाजवल्यावर ट्रेव्हरनेच उघडलं. तो इतका वाळला होता की अंगातली जर्सी दुसऱ्या कोणाची वाटावी. आत बाळ खोकत होतं.

"ट्रेव्ह, मला माहीत नव्हतं. देवाशपथ. मी तुझ्याबद्दल बोललो नव्हतो."

"तोंड पाहणार नाही म्हणालास. मग बघतोयस कशाला?"

"मला एक शब्द सांगायचा होतास! मी हवं ते पाठवलं असतं..."

"फोन केला होता," ट्रेव्हर म्हणाला. "दोनदा." तो ओरडला नाही, त्याने दार आपटलंही नाही. हळूच लावून घेतलं, आत बाळ होतं म्हणून.

मार्चमध्ये संप फसला. मे महिन्यात ट्रेव्हर बायकोमुलीला घेऊन पीटरबरोला विटांच्या कारखान्यात कामाला गेला. केल्विनने पत्रं लिहिली, पैसे पाठवले. पैसे परत आले, पत्रं आली नाहीत. उत्तरही आलं नाही. दर ख्रिसमसला मात्र पॉलीनचं कार्ड यायचं. खाली दोनच नावं असायची, पॉलीन आणि जोआना.

केल्विनचा दुसरा अल्बम पडला. तिसरा कंपनीने काढलाच नाही. लोकांना पुन्हा गिटारी हव्या होत्या, काजळ घातलेले पुरुष नको होते. त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण गाताना स्वतःचा आवाज कानात आला की त्याला ते वाक्य आठवायचं. तो स्टुडिओत काचेच्या मागे जाऊन बसला आणि दुसऱ्यांची गाणी घडवायला लागला. त्यात त्याचं नाव झालं. यंत्रांच्या गर्दीतही माणसाचा आवाज उबदार ठेवणारा म्हणून लांबलांबून गायक येत. त्याच्या फक्त एका सवयीवर सगळे हसत. फोन वाजला की चालू रेकॉर्डिंग थांबवून तो उठायचा, मग ते कितीही जमून आलेलं असो. एकदा लग्न झालं, पाच वर्षांत मोडलं. मूल नव्हतं.

शहाण्णवमध्ये एडना गेली. हॅदरबीच्या चर्चबाहेर शवपेटी उचलायला सहा जण उभे राहिले, आणि उंची जुळावी म्हणून अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या माणसाने पुढे दोघा भावांना लावलं. खांद्यावर पेटी आली. तिच्याखाली दोघांचे हात एकमेकांच्या खांद्यांवर ठेवायचे होते, तसे त्यांनी ठेवले. ट्रेव्हरच्या पंजाचं वजन केल्विनला कोटातून जाणवलं.

"डावा पाय आधी," ट्रेव्हर म्हणाला.

अकरा वर्षांत तो तेवढंच बोलला. पेटी ठेवल्यावर हात काढून घेतला आणि पॉलीनकडे निघून गेला. नंतर सँडविच आणि चहाला तो थांबला नाही.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत ख्रिसमस नसताना पॉलीनचं कार्ड आलं. 'त्याची छाती पार गेली आहे. डॉक्टर म्हणतात महिनाभर. आलास तर बरं होईल. त्याला सांगितलेलं नाही.'

केल्विनकडे तेव्हा एक तरुण गायिका होती, ॲलिशिया. नऊ वर्षं ती त्याच्याकडेच रेकॉर्डिंग करत होती. तिचं काम अर्ध्यावर टाकून तो पीटरबरोला गेला.

पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग होता. नाकात नळी, शेजारी गुरगुरणारं ऑक्सिजनचं यंत्र. ट्रेव्हर उशांना टेकून बसला होता. त्याने केल्विनकडे पाहिलं.

"म्हातारा झालास," तो म्हणाला.

"चौपन्न."

"दिसतोस जास्त."

पॉलीन चहा ठेवायला म्हणून आत गेली. केल्विन खुर्ची ओढून बसला. अठ्ठावीस वर्षं मनात घोळवलेलं वाक्य त्याने एका दमात बोलून टाकलं. "ट्रेव्ह, ते मी तुझ्याबद्दल बोललो नव्हतो. तू कामावर गेलायस हेच मला माहीत नव्हतं."

"ठाऊक होतं मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." तो श्वास घ्यायला थांबला. प्रत्येक वाक्यानंतर त्याला थांबावं लागत होतं. "तुला माहीत असतं तर तू बोललाच नसतास."

"मग एवढी वर्षं का?"

ट्रेव्हरने डोळे मिटले. केल्विनला वाटलं, झोपला. पण तो बोलायला लागला. "बर्किनशॉ माझ्या तोंडावर थुंकला होता. तीन वर्षांनी आईकडे गेलो तेव्हा भेटला बाजारात. मी मान हलवली, त्यानेही हलवली. त्याचं खरं होतं रे. त्याच्या पोरांनी वर्षभर उपास काढले होते. तो मनापासून थुंकला." पुन्हा श्वास. "तू मनापासून बोलला असतास तर मी विसरलो असतो. तू तर फक्त बरं दिसावं म्हणून बोललास."

ते खरं होतं. तो 'वा' म्हणणारा माणूस त्याला आठवला.

"चुकलो," तो म्हणाला.

"हं," ट्रेव्हर म्हणाला.

केल्विन आठ दिवस तिथे राहिला. रात्री कोचावर झोपायचा, पॉलीन सांगेल ते करायचा. नळी बदलायचा, सूप गाळून द्यायचा, बादली धुवायचा. रोज सकाळी ट्रेव्हरची दाढी करायचा. ट्रेव्हर हनुवटी वर करून गप्प पडून राहायचा, गालाखालच्या निळ्या व्रणांवरून पातं फिरायचं. कोळसा जखमेत राहून गेला की असे निळे व्रण पडतात. त्याने केल्विनला कधी थांबवलं नाही, आणि माफ केलं असंही म्हणाला नाही. एकदाच, गाल पुसताना, तो म्हणाला, "हात हलका आहे तुझा." केल्विनने टॉवेल घेऊन जाऊन न्हाणीघराचं दार लावून घेतलं.

नवव्या दिवशी सकाळी दूध संपलं होतं. केल्विन दुकानात गेला आणि दहा मिनिटांत परत आला. पॉलीन दारात उभी होती. तिच्या मागे ऑक्सिजनचं यंत्र बंद केलेलं होतं.

"आत्ताच," ती म्हणाली. "आत्ताच रे."

दूध हातात घेऊन तो तसाच पायरीवर बसला.

अंत्यविधी झाल्यावर तो लंडनला परतला आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेला, कारण दुसरं कुठे जावं ते त्याला सुचलं नाही. ॲलिशिया काचेपलीकडे गायला उभी होती. दोन ओळी झाल्यावर तिने कानावरचे हेडफोन काढले आणि ती बाहेर आली.

"काय झालंय तुम्हाला? मी चुकतेय आणि तुम्ही थांबवत नाही आहात."

"माझा भाऊ गेला," केल्विन म्हणाला.

ती बघतच राहिली. "तुम्हाला भाऊ होता?"

"होता. ट्रेव्हर. सात वर्षांनी मोठा."

ती त्याच्या शेजारी बसली. त्याचा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाली, "सांगा ना. कसे होते ते?"

केल्विनने बोलायला तोंड उघडलं. पीटरबरोत ट्रेव्हरचे दोस्त कोण होते, रविवारी तो काय करायचा, मुलीच्या लग्नात रडला का, म्हातारपणी कशावर हसायचा, यातलं त्याला काहीही ठाऊक नव्हतं. ॲलिशिया वाट पाहत बसली होती.