जड डबा

एकोणीसशे चौसष्ट साली जाऊबाईंचा उजवा हात मोडला आणि घरातल्या दोन पुरुषांचे डबे भरायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते. आता ऐंशी उलटली, पण ते पाच आठवडे काही केल्या विसरता येत नाहीत.

हे आणि थोरले दीर, ज्यांना मी दादा म्हणायची, दोघं जोडीनं सामान वाहायचे. कपाटं, पलंग, शिवणयंत्रं, आणि जिने असे अरुंद की कोपर घासलं जावं. खांद्यावरून पट्टा टाकायचा, एकानं वर राहायचं, एकानं खाली. वरचा वाट दाखवतो, खालचा वजन घेतो. असल्या कामाला दुपारी चार घास पुरत नाहीत. डब्यात दाबून भात, उकडलेले बटाटे, शेंगदाणे, केळी आणि उकडलेली अंडी.

"अंडी प्रत्येकी दोन," जाऊबाईंनी सांगितलं होतं.

हे अंगानं काडीसारखे. दादा दारात उभे राहिले की खोलीत अंधार व्हायचा. तिसऱ्याच दिवशी मी दादांचं एक अंडं उचललं आणि ह्यांच्या भाताखाली दडपलं. दादांचा भात चमच्यानं सैल करून फुगवला, म्हणजे डबा भरलेला दिसावा. मग बटाटे, मग शेंगदाणे. हात एकदा सैल सुटला की सुटलाच.

जाऊबाई प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन शेगडीपाशी बसलेल्या असत. मी त्यांच्याकडे पाठ करून डबे भरायची.

संध्याकाळी दादा थट्टा करायचे. "काय गं धाकटे, नवऱ्याला कुस्तीत उतरवणार आहेस की काय?"

मी लाजून हसायची. पण ह्यांचं अंग काही भरेना, उलट डोळे खोल गेले. म्हणून मी दादांच्या डब्यातलं आणखी थोडं काढलं.

पाचव्या आठवड्यात भर दुपारी दादा ह्यांना पाठुंगळी घेऊन आले. लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्याच्या वळणावर असताना ह्यांची कंबर धरली होती. डॉक्टर म्हणाले, "तीन आठवडे पाठीवर पडून राहायचं. आणि यापुढे वजन उचलायचं नाव काढायचं नाही."

डॉक्टर गेल्यावर सासूबाईंनी दादांना फैलावर घेतलं. "हा एवढासा जीव आणि खाली ह्याला उभा केलास? तुझी पाठ काय पूजायला ठेवली होती?"

"आई, बाबांचाच नियम ना," दादा भिंतीला टेकून खाली बसले. "जिन्याखाली दोन्ही डबे हातात धरून बघायचे. ज्याचा जड तो खाली, जास्त खाणाऱ्यानं जास्त उचलायचं. सारखे असले तर आळीपाळीनं. आठ वर्षं आळीपाळीच चालली. हल्ली रोज ह्याचाच जड निघायचा. मला गंमत वाटली, नव्या बायकोचं कौतुक. मी एक गाढव, हसत हसत त्याला खाली ढकलत राहिलो."

सासूबाईंची नजर माझ्याकडे वळली.

"तिच्याकडे काय बघता?" जाऊबाई म्हणाल्या. "दोन्ही डबे तराजूत घालून भरायचे असतात, हे मीच सांगायला विसरले. चूक माझी."

सासूबाईंनी मग त्यांनाच बरंच सुनावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

नंतर आम्ही दोघीच स्वयंपाकघरात उरलो, तेव्हा मी "ताई..." म्हणून सुरुवात केली.

"हात मोडलाय माझा," त्या म्हणाल्या. "डोळे नाही. तीन आणि एक मला मोजता येतं. दूध बघ, उतू जाईल."

ह्यांच्या कमरेला तेल लावताना मी रडत होते. हे उशीत तोंड घालून म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं मला. जास्तीचं अंडं रोज दादाला देत होतो. पोट भरलं म्हणायचो."

"मग मला बोलला का नाहीत? त्यांना तरी सांगायचं."

"काय सांगू? माझी बायको तुझ्या तोंडचा घास काढते म्हणून?"

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

हे पुन्हा जिना चढले नाहीत. एका छापखान्यात कागद मोजायला बसले, आणि सत्तरीत गेले. कंबर शेवटपर्यंत वाकडीच राहिली. सासूबाई दोन वर्षांनी गेल्या, तोवर जाऊबाईंना विसरभोळी म्हणत राहिल्या. दादांनी दुसरा जोडीदार घेतला, पण त्याला एक दिवसही खाली उभं राहू दिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "एकदा हसण्यावारी नेलं, तेवढं पुरे." पन्नाशीतच त्यांचे दोन्ही गुडघे गेले.

जाऊबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांची माफी मागायला मी कितीतरी वेळा तोंड उघडलं. दर वेळी त्या मला भाजी निवडायला नाहीतर सुईत दोरा ओवायला सांगायच्या, आणि मी मुकाट्यानं ते करायची. ते टाळणं त्यांचं की माझं, हे मी आता स्वतःलाही विचारत नाही.