शुभेच्छांसह वाट दिली

मोलेफी खुनोंगचा बेकारभत्ता मंजूर झाला.

हे वाक्य कोणीच वाचलेलं नाही, असं धरून पुढे जाऊ. कामगार कार्यालयानेही तसंच धरलं. खिडकीतल्या आउसी पुसेलेत्सोने, म्हणजे तिथल्या कारकून ताईने, धरलं. मंजुरी ऐकून रांगेत ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांनी हात खिशात घातले आणि ते कधी बाहेर काढलेच नव्हते असा चेहरा केला.

मोलेफी ब्लँकेटच्या कारखान्यात होता. विणून आलेल्या कापडावर काटेरी रूळ फिरवून लव उठवायची, हे त्याचं काम. त्या यंत्राशी उभं राहून राहून याच्या डोक्यातही लव उठली आहे, असं त्याची आई म्हणायची. गडी शांत, आणि कागदाच्या बाबतीत देवभोळा. नवं ब्लँकेट ज्या जाड, चेन लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून येतं, तसली एक पिशवी त्याने कागदांसाठी राखली होती. पगाराची प्रत्येक चिठ्ठी तीत होती, आणि प्रत्येक चिठ्ठीवर बेकारी निधीसाठी कापलेल्या रकमेखाली पेन्सिलीची रेघ. ओळखपत्राच्या प्रती, बँकेचा कागद, हजेरीची कार्डं. एकदा कारखान्याच्या खानावळीने बुरशी आलेला पाव वाढला, त्या तक्रारीची पोच. शेजारी विचारायचे, "मोलेफी, तुझ्या जन्माची पावती आहे का रे तिच्यात?"

होती.

कारखाना बंद झाला तो एका साध्या सकाळी. लिबेनबर्ग साहेब खानावळीत खुर्चीवर चढला आणि म्हणाला, मागणी संपली, यंत्रं विकायची आहेत, आजचा दिवस शेवटचा. बायका रडल्या, पुरुषांनी शिव्या दिल्या. सूत भरणाऱ्या राफीरीने अंगातला कामाचा डगला काढून सुपाच्या पातेल्यात टाकला, जमिनीवर थुंकला आणि मागे न बघता चालता झाला. मोलेफीने आपल्या यंत्राभोवतीची लव झाडून काढली, हात धुतले, स्वच्छ शर्ट चढवला आणि साहेबाच्या दारावर टकटक केली.

आमच्याकडे माणूस कोणाच्याही घरून उठला की वाट मागतो. मामाच्या घरून मागतो, सासुरवाडीहून मागतो, ज्या घरी भांडणात ताटं फुटली तिथूनही मागतो. घरच्याने "वाट दिली" म्हटलं की मग टोपी डोक्यावर. न मागता निघतो तो चोर, नाहीतर सरकारी माणूस.

लिबेनबर्ग साहेब आमच्यातच वाढलेला गोरा, आमची सोथो भाषा आमच्यापेक्षा मोठ्याने बोलणारा. मोलेफीने दोन्ही हात जोडून वाट मागितली तेव्हा साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या माणसांत एकटा हा रीत पाळून चालला होता. त्याने वाट दिली. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण मोलेफी म्हणाला, "साहेब, कागदावर मिळालं तर बरं. उद्या कोणी म्हणायला नको, खुनोंग न सांगता गेला."

साहेबाने कारखान्याचं नाव छापलेला एक कागद शोधला आणि लिहून दिलं: मोलेफी खुनोंग यांनी आज स्वतः येऊन जाण्याची परवानगी मागितली. ती शुभेच्छांसह देण्यात आली. सही, तारीख, शिक्का. मोलेफीने तो कागद पिशवीत सगळ्यांत वर ठेवला, बाहेरून वाचता येईल असा.

आता भत्त्याची एवढी निकड का, तर आईमुळे. मामोलेफी, म्हणजे मोलेफीची आई. वस्ती तिला त्याच नावाने ओळखायची, लग्नाआधीचं नाव तिला स्वतःला आठवायला वेळ लागे. तिची छाती कित्येक दिवस शिट्टी वाजवत होती, दवाखान्याने औषधाऐवजी मान हलवायला सुरुवात केली होती. मरणाचं तिला काही नव्हतं. तिला काळजी होती मातीची. मोलेफी रांगत होता तेव्हापासून ती वस्तीच्या मयत फंडाची सभासद होती. फंड पेटी देतो, मांडव देतो, पातेली देतो, गाय कापतो. पण लागोपाठ तीन महिने वर्गणी चुकली तर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सभा उठताना, नाव कापलं जातं. मग नगरपालिकेची फळ्यांची पेटी, नावाऐवजी आकडा. आईच्या दोन वर्गण्या मोलेफीकडून चुकल्या होत्या.

राफीरी उसने द्यायला तयार होता. पण फंडाच्या अध्यक्षा म्मे मामोकेटे, म्हणजे मामोकेटेआई, उसनी वर्गणी घेत नसत. पूर्वी एकदा एक सावकार ऐन मातीच्या वेळी येऊन पेटीची कडी धरून बसला होता, तेव्हापासूनचा नियम. प्रत्येकाला त्या विचारत, पैसे कुठले. लोक सरळ खोटं सांगत. मोलेफीला विचारलं की तो पिशवी उघडायचा.

तर त्या न घडलेल्या मंजुरीच्या दिवशी मोलेफी पहाटेपासून रांगेत होता. खिडकीशी पोचला तेव्हा आउसी पुसेलेत्सोने त्याचे कागद चाळले आणि तिचा चेहरा उजळला. असे कागद तिने प्रशिक्षणाच्या पुस्तकातच पाहिले होते. शेजारच्या खिडकीतल्या बाईला बोलावून तिने ते दाखवले. कारखान्याने पाठवलेल्या यादीत त्याचं नाव बाकीच्यांसारखंच 'कामावरून काढलेले' या सदरात होतं. पडद्यावर हिरवी ओळ उमटली. "न्ताते, मंजूर," ती बापाला मारावी तशी हाक मारून म्हणाली, आणि रांगेने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून मोलेफीला भरून आलं. एवढ्या चांगल्या बाईपासून काही लपवून ठेवणं त्याला बरं वाटेना.

"आउसी, अजून एक कागद आहे. साहेबांनी स्वतः दिलेला."

त्या कार्यालयात आधी शिक्का मारतात, मग वाचतात. वाचून शिक्का मारायला लागले तर रांग कधी हलणार नाही. पुसेलेत्सोने 'मिळाला' असा शिक्का मारला आणि मग वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. शिक्का पुसता येतो का, म्हणून अंगठाही फिरवून पाहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फरक इतकाच की मोलेफीने हाताची साक्षांकित प्रत जोडली होती.

"न्ताते," ती हळू आवाजात म्हणाली, "यात लिहिलंय तुम्ही स्वतःहून गेलात. स्वतःहून जाणाऱ्याला भत्ता नसतो."

"मी गेलो नाही. मला काढलं. मग मी वाट मागितली."

"मला कळतंय. माझा बापही मागतो. तो तर टीव्ही बंद करतानाही मागतो. पण हा कागद आता आत गेला. कारखान्याकडून लिहून आणा, की तुम्हाला काढलं होतं."

हिरवी ओळ लाल झाली. मोलेफीने कागद गोळा केले, टोपी हातात धरली आणि सवयीने म्हणाला, "बरं आउसी, मी वाट मागतो."

सगळ्या रांगेने पुसेलेत्सोकडे पाहिलं.

"नाही देत, न्ताते," पुसेलेत्सो म्हणाली. "इथे तर मुळीच मागू नका. तेही लिहावं लागेल मला."

कारखान्याच्या फाटकावर फक्त पहारेकरी उरला होता. लिबेनबर्ग साहेब मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेला होता. हिशेब मिटवायला नेमलेल्या माणसाच्या फोनवर गाणं वाजायचं, पूर्ण वाजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून लागायचं. मोलेफीने पहारेकऱ्याला विचारलं, तू लिहून देशील का. पहारेकऱ्याने बराच विचार केला. त्याला कारखान्याच्या वतीने काही लिहायचा अधिकार नव्हता, पण गेल्या कित्येक दिवसांत त्याच्याशी कोणी बोललं नव्हतं, म्हणून त्याला नाही म्हणवेना.

"न्ताते, मी इथे कोणालाच काढू शकत नाही," शेवटी तो म्हणाला. "मला काढायचंसुद्धा लोक विसरलेत. पगार येत नाही, पण पाळी बदलायलाही कोणी येत नाही."

मोलेफीने त्याला आपला पाव दिला आणि निघाला. वाट मागितली का, विचारू नका.

राफीरीचा भत्ता वेळेवर येत होता. ठरलेल्या दिवशी तो कार्यालयात जाऊन सही करायचा, अजून काम मिळालं नाही असं गंभीर चेहऱ्याने सांगायचा आणि परतताना कोंबडीचे पाय घेऊन यायचा. त्यातले दोन तो मामोलेफीसाठी ठेवून जाई. त्याच्यापाशी एकच कागद होता, तोही सुपाचा डाग पडलेला. "तुला थुंकायला काय झालं होतं?" तो मोलेफीला विचारायचा. "सगळ्या वस्तीत तू एकटा सभ्य, आणि तू एकटा उपाशी. आता तरी शीक. चल, माझ्यावर थुंकून बघ." मोलेफीने खरंच प्रयत्न केला. तोंड कोरडं होतं.

मग पोलीस ठाण्यात जाऊन त्याने प्रतिज्ञापत्र केलं. शपथेवर सांगितलं, की माझं वाट मागणं हे केवळ वळण होतं, इच्छा नव्हती. हवालदाराने ते गंभीरपणे लिहून घेतलं आणि विचारलं, "इच्छा नसताना वाट मागितली, मग ते खोटं बोलणं नाही का? नाही, मी आपलं विचारतोय. शपथेवर आहात." मोलेफीने कबूल केलं की थोडं तसं होतं. तेही प्रतिज्ञापत्रात गेलं.

सगळे कागद प्रांताच्या शहरात समितीकडे गेले. समितीचं उत्तर महिना संपता संपता आलं, आणि उत्तर अगदी सभ्य होतं. अर्जदाराने जाण्याची परवानगी मागितल्याचं अर्जदार नाकारत नाही. परवानगी मिळाल्याचंही नाकारत नाही. अर्जदाराने अत्यंत पूर्ण कागदपत्रं ठेवल्याबद्दल समिती समाधान व्यक्त करते. त्यांच्याअभावी निर्णय घेणं अवघड गेलं असतं. चूक दुरुस्त करायचा अधिकार केवळ मालकाला आहे.

मोलेफीने ते उत्तर आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि वेगळंच विचारलं.

"मामोकेटे नाव कधी कापते रे? सभेच्या सुरुवातीला, की उठताना?"

"उठताना, म्मे."

"म्हणजे शनिवारपर्यंत मेलेलं चालतं."

मोलेफीने उत्तराची घडी घातली. चालत होतं. त्याने तो नियम आधीच वाचला होता, पिशवीत फंडाची नियमावलीही होती.

त्यानंतर मामोलेफीने जेवण कमी केलं. मक्याच्या लगद्याचा एक घास, वर भाजीचं पाणी. तो औषध पुढे करी, ती भिंतीकडे वळे. तो रागावला तर म्हणायची, तुला नेमकेपणाचं वेड ना, मग मी वेळेत जाते तर तुझं काय बिघडतं? शेजारणी भेटायला येत, काळजीने विचारत, कसं वाटतंय. ती म्हणे, उशीर होतोय. राफीरीने आणलेले कोंबडीचे पाय तिने त्यालाच खायला लावले आणि समोर बसून पाहिलं. तो बाहेर येऊन पायरीवर बराच वेळ बसला. त्या दिवशी त्याने एकही विनोद केला नाही, हे मोलेफीला फार लागलं.

शनिवारी दुपारी तिने तोंड धुवून मागितलं. डोक्याला स्वच्छ रुमाल बांधून घेतला. खांद्यावर ब्लँकेट नीट करून घेतलं. त्याची लव मोलेफीनेच उठवलेली होती. जन्मभर ती कोणाच्या घरून वाट मागितल्याशिवाय उठली नव्हती. मोलेफीला कळलं, आणि तो उगाच चुलीकडे वळला.

"मोलेफी," ती म्हणाली, "मी वाट मागते."

उत्तर दोन शब्दांचं होतं. त्या दोन शब्दांत पेटी होती, मांडव होता, गाय होती, दगडावर नाव होतं. ते दिले नाहीत तर ती थांबेल, हे त्याला ठाऊक होतं. ती तशीच होती. थांबेल, आणि उद्याची सभा उठेल. मोलेफीचं तोंड उघडलं, पण तेच दोन शब्द त्याने साहेबाकडून ऐकले होते, आणि ते कुठपर्यंत नेतात हे त्याने पाहिलं होतं.

"जरा थांब, म्मे. एक अर्ज टाकतो."

"अर्ज कसला? नुसतं म्हण."

"कागदावर असलेलं बरं."

ती डोळे मिटून हसली, निदान छातीतली शिट्टी तशी वाजली. "मग लवकर लिही. मी काही बसून राहणार नाही."

मोलेफीने चेन उघडली, एक कोरा कागद काढला, आणि पेन्सिल नको म्हणून पेन शोधलं.

प्रति, माननीय आयुक्त, बेकारी निधी.

विषय: एका दिवसाच्या नेमणुकीबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, बंद पडलेला कारखाना एका दिवसापुरता उघडण्यात यावा. श्री. लिबेनबर्ग यांस ऑस्ट्रेलियाहून बोलावून घ्यावे. मला पूर्वीच्या जागी कामावर घेऊन त्याच दिवशी नियमानुसार काढून टाकण्यात यावे. त्या वेळी मी काहीही मागणार नाही, आभार मानणार नाही, आवश्यक असल्यास थुंकेन. सदर कार्यवाही उद्या, रविवारी, मयत फंडाची सभा उठण्यापूर्वी पूर्ण व्हावी. आणि या अर्जाचा निकाल लागेपर्यंत माझी आई, श्रीमती मामोलेफी खुनोंग, हिने आज दुपारी माझ्याकडे केलेली वाटेची मागणी प्रलंबित ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.