शनिवारची छडी

मित्रांनो, मी एक जुनी वेताची छडी आहे. छडी म्हणायचे ते जुन्या ओळखीखातर. एके काळी मी दोन हात लांब होते. आता बोटाएवढा तुकडा उरला आहे, आणि तोही चिरफळलेला.

वैरागच्या बाजारात मी एका दोरखंडवाल्याच्या दुकानात टांगलेली होते. हिंदुराव सरांनी मला वाकवून पाहिले, हवेत फिरवले, आणि माझी शीळ ऐकून ते खूश झाले. "ब्येस हाय," म्हणाले. त्यांनी मला सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या एका शाळेत आणले. बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षे. शाळेच्या भिंतीला लागून मारुतीचे देऊळ होते. शनिवारी संध्याकाळी तिथे कीर्तन उभे राही. टाळमृदंगाचा गजर सुरू झाला की कपाटावर पडल्या पडल्या माझ्या अंगावर काटा येई. सकाळी माझ्या हातून काय घडले, ते मी तेवढ्यापुरते विसरून जाई.

सकाळी काय घडे, तेच सांगते.

सर इंग्रजी शिकवत, आणि जीव ओतून शिकवत. "इंग्रजी शब्द म्हंजे कांदा हाय पोरांनो," ते म्हणत. "एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. फेअर म्हंजे गोरा. फेअर म्हंजे न्यायाचा. फेअर म्हंजे बेताचा, धड बरा न्हाय, धड वाईट न्हाय. आणि पक्की वही, तीबी फेअरच!" मुले हसत. पण शनिवारी क्वचितच कुणी हसे. आदल्या दिवशी दिलेल्या शब्दाचे सगळे अर्थ जो सांगेल, त्याच्या हाती सर मला देत. मग त्याने बाकी सगळ्या वर्गाला मारत जायचे. "मी कदी पोराला हात लावला न्हाय," हे सर अभिमानाने सांगत. आवाज आला नाही, तर मारणाऱ्यालाच हात पुढे करावा लागे. त्यामुळे आवाज येई. या शनिवारी ज्याने मारले, त्याला पुढच्या शनिवारी दुसरा फोडून काढी. वर्गातले तळहात कधी वळांवाचून दिसलेच नाहीत. आणि मला वाटे, मी विद्या देते आहे!

त्या वर्गात गुरम्मा आणि शिवपुत्र ही भावंडे होती. बाप गुरुबसप्पा मागावर चादरी विणी. घरात कानडी, बाहेर मराठी. गुरम्मा थोरली, पण धाकटी पोरे सांभाळण्यात तिची वर्षे गेली आणि ती धाकट्या भावाच्याच वर्गात येऊन बसली. बापाने तिला बजावले होते, "पुढं येऊन दाखीव, न्हायतर घरी सुताच्या कांड्या भरायला बस." पण तिची पाळीच येत नसे. दोन हात वर असले की सर पोरालाच विचारत. मग येत असूनही ती दर शनिवारी मार खाई.

शिवपुत्राचा जीव मृदंगात. देवळातले म्हातारे मृदंगवाले अंथरुणाला खिळले होते, आणि कीर्तनकार बुवांनी त्या शनिवारच्या कीर्तनाला साथीसाठी पहिल्यांदाच त्याला बोलावले होते.

शब्द होता हार्ड.

"कोण सांगतंय?" सरांनी विचारले. वर्गात एकच हात वर होता, गुरम्माचा. सरांनी इकडे तिकडे पाहिले आणि नाइलाजाने म्हणाले, "बोल."

"दगड हार्ड, म्हंजे टणक. गणित हार्ड, म्हंजे अवघड. हिरीचं पाणी हार्ड, म्हंजे जड, त्यात डाळ शिजत न्हाय." मुली खुदकन हसल्या. "काम हार्ड, म्हंजे कष्टाचं. मन हार्ड, म्हंजे निष्ठुर. आणि हार्ड म्हंजे जोरातबी."

सरांनी मला तिच्या हातात दिले.

मित्रांनो, इतक्या शनिवारांचा साचलेला संताप मी त्या मुठीत अनुभवला. पहिल्या बाकापासून ती सुटली. सट्, सट्. भीमा कळवळून खाली बसला. शालनच्या तळहाताची कातडी फुटली आणि माझ्या टोकाला रक्त लागले. गुरम्मा थांबली नाही.

मग भाऊ समोर आला. त्याने डावा हात पुढे केला.

"उजवा!" सर ओरडले. "कायदा सगळ्यांना एकच."

"अक्का, हळू," तो पुटपुटला. "सांजच्याला मृदंग हाय."

तिने मला नुसते टेकवले.

"हे मारणं हाय व्हय? का देवाला फूल वाहतीस?"

वर्ग हसला. गुरम्मा भावावर चिडली. "काल चुलीपाशी बसून तुला पाठ करून घेतलं की रं! सगळं इसरलास? रातंदिस नुसतं बडवत बसतोस!" आणि तिने मला खांद्यामागून आणले. शिवपुत्राने भीतीने हात आखडला. घाव तळव्यावर न पडता बोटांवर पडला. करंगळीशेजारच्या बोटात काहीतरी कट्दिशी मोडले. ते मी सगळ्यांच्या आधी ऐकले.

पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"आता सांग हार्डचे अर्थ," सर म्हणाले.

हात पोटाशी धरून त्याने सांगितले. टणक, अवघड, जड, कष्टाचं, निष्ठुर, जोरात. कुठे अडखळला नाही.

"बघा!" सर टाळी वाजवून म्हणाले. "एका छडीत पाठ झालं! ह्याला म्हणत्यात छडीचा गुण."

गुरम्मा भावाकडे बघतच राहिली. "तुला येत हुतं?"

"मी हात वर केला असता, तर तुला इचारलं असतं का?" शिवपुत्र म्हणाला.

पुढचे मला नीट सांगता येत नाही, कारण मी मोडत होते. तिने मला टेबलावर हाणले. दौत उडाली, खडू उडाले. "अगं ए!" म्हणत सर मला धरायला आले, तशी एक त्यांच्या बोटांवर बसली. "मेलो गं आई!" सर हात झाडत ओरडले. ती मारतच राहिली, टेबलाला, फळ्याला, भिंतीला, माझे तुकडे होईपर्यंत.

पेठेतल्या म्हाताऱ्या हाडवैद्य चनबसप्पांनी बोट बसवले. आधाराला बारीक काडी हवी होती. गुरम्माने मुठीतला माझा तुकडा पुढे केला. "ही?" म्हातारा म्हणाला. "बरं, मोडलं हिनं, जोडावं बी हिनंच." मला बोटाला लावून त्यांनी चिंधी आवळली. संध्याकाळी देवळात नुसत्या टाळांवर कीर्तन झाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका मुलाच्या कातडीला न मारता चिकटून होते. आत ठणका चालला होता, आणि कीर्तन संपेपर्यंत मी तो मोजत राहिले.

पुढच्या शनिवारी मी वर्गात गेले, ती शिवपुत्राच्या बोटाला बांधलेली. सरांकडे नवी छडी होती. शब्द होता शार्प.

"कोण सांगतंय?"

एकही हात वर झाला नाही. आदल्या दिवशी साऱ्या पोरांनी मिळून तसे ठरवले होते. सरांनी पुन्हा विचारले. मग त्यांना स्वतःच छडी उचलावी लागली. पहिला हात गुरम्माने पुढे केला. त्यांनी मारले. भीमाला मारले, शालनला मारले. कुणी हूं की चूं केले नाही. सरांचा सदरा घामाने भिजला. मी हात लावत नाही, असे म्हणण्याची सोय आता उरली नव्हती. शेवटी शिवपुत्र उठला आणि त्याने उजवा हात पुढे केला, चिंधीसकट, माझ्यासकट.

छडी वर गेली आणि वरच राहिली. मारावे कुठे, हे सरांना सापडेना.

"बसा," ते हळूच म्हणाले. छडी त्यांनी खिडकीबाहेर टाकली.

बोट जुळले, पण वाकडेच. मृदंगावर त्या बोटाची थाप पुन्हा कधी नीट उमटली नाही. मित्रांनो, देवाने मुलांचे तळहात टाळी वाजवायला दिले आहेत. त्यांच्या हाती टाळ द्या, खडू द्या, चेंडू द्या. मला मात्र देऊ नका. मी कुणाच्याही हातात गेले, तरी मला एकच काम येते.